थंडीत पाणी नको

फोन आला तेव्हा मी बाल्कनीत स्टुलावर बसून निवडुंगाच्या शेपटीसारख्या लोंबत्या फांद्या पुसत होते. रंगाचा जुना मऊ झालेला ब्रश, वाटीत साबणाचं पाणी आणि डाव्या हातात भांडी घासायचा रबरी हातमोजा. माझा धाकटा भाऊ माधव सकाळी डायलिसिसला जाताना सांगून गेला होता, "अक्का, शेपटीवर पांढरी कीड दिसतेय गे. आज पुसून टाक, नाहीतर पसरेल." मी बरं म्हटलं. तो रिक्षात बसला, मी वरून हात केला, पण त्यानं वर बघितलं नाही, कारण तो मफलर गुंडाळण्यात गुंतला होता. एवढंच. शेवटची भेट म्हणून सांगण्यासारखं त्यात काही नाही... फोनवर डायलिसिस केंद्रातला तंत्रज्ञ होता. मशीन चालू असतानाच माधवचं हृदय थांबलं होतं, डॉक्टरांनी बराच वेळ प्रयत्न केले होते. तो कन्नडमध्ये सावकाश बोलत होता आणि मी ऐकतेय ना, हे मध्येमध्ये विचारून घेत होता. "सरी, बरं, येते मी," असं म्हणून मी फोन ठेवला. वाटीत अजून पाणी होतं, काही फांद्या राहिल्या होत्या. त्या पुसून काढल्या. मग हात धुतले, साडी बदलली आणि खाली उतरले.

शेजारच्या बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडल्या की मोकळ्या होतील. मला धक्का बसल्यासारखंही वाटलं नव्हतं. काहीच वाटलं नव्हतं. संक्रांत नुकतीच झाली होती, डब्यात एळ्ळू-बेल्ल, म्हणजे इथला तिळगूळ, उरलं होतं, ते मी भेटायला येणाऱ्यांच्या मुलांना वाटून टाकलं. श्रीरंगपट्टणला जाऊन अस्थी सोडल्या, दिवस झाले, लोक आपापल्या घरी गेले. आता उन्हाळा लागलाय आणि मी अजून तशीच आहे. पुरवणीच्या संपादकांनी माधवबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा वाटलं, लिहिताना तरी काही हलेल. बघू.

आम्ही इथले जुने मराठी. कित्येक पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर दक्षिणेत उतरलेल्या आणि इथेच राहिलेल्या घराण्यांपैकी एक. आमची मराठी ऐकून पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं, कारण वाक्य मराठीत सुरू होऊन कुठे कन्नडमध्ये वळतं ते आम्हालाही कळत नाही. माधव सर्व्हेअर होता. येलहंक्याच्या पलीकडे शेतं आणि द्राक्षमळे होते, त्या काळापासून तो खांद्यावर तिपाई टाकून त्या जमिनी मोजत हिंडला. लग्न केलं नाही. का, ते घरात कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. माझे यजमान गेल्यावर मी बसवनगुडीचं घर सोडून येलहंक्याला त्याच्याकडे राहायला आले, तेव्हा त्याच्या घरात दोन खुर्च्या आणि तीन मोठ्या पितळी घागरी होत्या. उन्हातून आला की दारातच पाण्याचा चोंबू उंच धरायचा आणि तोंड न लावता वरून धार सोडायचा. गळ्याचा कंठमणी खालीवर व्हायचा, पण थेंब सांडायचा नाही. कुठल्या गावचं पाणी कसं लागतं, यावर तो जेवताना व्याख्यान द्यायचा. देवनहळ्ळीकडचं जड, हेब्बाळच्या जुन्या विहिरीचं गोड, असं. मी म्हणायचे, "पाणीच ते, पायसम नव्हे." तो म्हणायचा, "तू कार्यालयात बसून फिल्टरचं प्यायलीस, तुला काय कळणार?"

निवृत्तीनंतर वर्षभरातच त्याच्या पायांवर सूज दिसायला लागली. रक्तदाब जुनाच होता, गोळ्या कधी घेतल्या, कधी नाही. मूत्रपिंडं गेली हे कळलं तेव्हा फार काही करण्यासारखं उरलं नव्हतं. माझं मूत्रपिंड देता येईल का म्हणून मी तपासणीला गेले, पण मला साखर आहे, त्यामुळे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत मान हलवली. आठवड्यातून तीनदा हेब्बाळजवळच्या केंद्रात डायलिसिस ठरलं. मीठ बंद, केळं बंद, नारळपाणी तर विषासारखं. आणि पाणी... डॉक्टरांनी टेबलावरचा छोटा पेला उचलून दाखवला आणि दिवसभराचं पाणी किती ते सांगितलं. त्यात चहाही आला, सारही आलं, गोळ्या गिळायचं पाणीही आलं. माधव त्या पेल्याकडे बघत राहिला. घरी आल्यावर त्यानं घागरी स्वतः माळ्यावर चढवल्या.

पहिले काही महिने वाईट गेले. मशीनवरून उठला की त्याचा चेहरा राखेसारखा व्हायचा, पायांत गोळे यायचे, दुसऱ्या दिवशी जरा बरं वाटेपर्यंत पुन्हा जायची वेळ. मी बर्फाचे लहान तुकडे करून ठेवायचे, लिंबाची फोड द्यायचे, तो चघळायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. एका सकाळी मी डबा भरून ठेवला तरी तो उठेना. "अक्का, मी जाणार नाही आज."

"आज नाही तर उद्या पाठवतील का ते?"

"उद्याही नाही. पुरे झालं." आवाज चढवून नाही, जमिनीचं माप सांगावं तसं म्हणाला. मी रागावले, मनवलं, शेवटी त्याच्यासमोर नुसती बसून राहिले. तो दिवस चुकलाच. तिसऱ्या दिवशी त्याला श्वास पुरेना. तेव्हा शेजाऱ्यांनी आणि मी मिळून त्याला गाडीत घातलं आणि नेलं. त्याला विरोध करायचीही ताकद नव्हती.

त्याच्या शेजारच्या खाटेवर लीलम्मा असायच्या. कन्नड शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरीच्या पुढच्या, केसांत रोज मोगऱ्याचा तुकडा. कितीतरी वर्षं त्या डायलिसिसवर होत्या आणि केंद्रातले डॉक्टरही त्यांना वचकून असत. माधवनं दांडी मारली हे त्यांना कळलं होतं.  पुढच्या वेळी त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्राची सुरळी काढून त्याच्या मोकळ्या हातात दिली. आत वीतभर लांबीची, करंगळीएवढी जाड, बारीक तांबूस काट्यांनी भरलेली एक हिरवी फांदी होती. "रॅटटेल कॅक्टस म्हणतात याला," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी बाल म्हणतो, शेपूट. आज मातीत लावायचं नाही. सावलीत नुसतं ठेवा, कापलेली बाजू सुकू द्या."

"आणि मग?" माधवनं विचारलं.

"मुंदिन सल हेळ्तीनि." पुढच्या वेळी सांगते.

माधवला झाडांची अजिबात आवड नव्हती. झाडं म्हणजे त्याच्या लेखी दुर्बिणीच्या आड येणारी वस्तू. फांदी त्यानं टीव्हीवर ठेवली. पण पुढच्या वेळी तो गेला, आणि घरी येऊन चिडून सांगू लागला, की बाई म्हणते अजून सुकू द्या, एवढंच सांगायला मला आठवण करून द्यायला लावलं. त्याच्या पुढच्या खेपेला कुंडी कशी हवी ते कळलं. पसरट, टांगायची, खाली भोकं असलेली. त्याच्या पुढच्या खेपेला मातीबद्दल. बागेतली काळी माती नको, ती पाणी धरून ठेवते. हे झाड मुळात जमिनीवरचं नव्हेच, त्याच्या मुलखात ते मोठ्या झाडांच्या खोडांवर आणि खडकांच्या कपारीत वाढतं, मुळांना हवा लागते. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लाकडी कोळसा, थोडी वाळू, थोडं कुजलेलं शेणखत. आम्ही सोडणं मागायला शहाळी विकणाऱ्या एळनीरवाल्याकडे गेलो. माधव नारळाच्या ढिगाकडे पाठ करून उभा राहिला आणि म्हणाला, "तूच बोल त्याच्याशी."

फांदी लावल्यावर आठवडाभर पाणी द्यायचं नाही, हे ऐकून तर तो वैतागला. लावलेल्या झाडाला पाणी नाही म्हणजे काय? पण बाईंना विचारल्याशिवाय काही करायचं नाही, असं त्याच्या नकळत ठरून गेलं होतं. मग एका खेपेला पाणी कसं घालायचं ते कळलं. घालायचं तेव्हा भोकांतून वाहेपर्यंत भरपूर, आणि मग कुंडी पूर्ण सुकून हलकी झाल्याशिवाय पुन्हा नाही. रोज थोडंथोडं मुळीच नाही, त्यानंच ते कुजतं. सकाळचं कोवळं ऊन चालेल, दुपारचं नको. काटे बोटात गेले तर चिकटपट्टी लावून ओढायची, चिमटा नको. रक्त पातळ करायचं औषध चालू असल्यामुळे त्याच्या बोटातून थेंब लवकर थांबत नसे, म्हणून मी माझा रबरी हातमोजा दिला, तर तो म्हणाला, काट्याची जाडी कळत नाही त्यातून.

त्यानंतर माधवनं डायलिसिस कधी चुकवलं नाही. एवढंच मी सांगू शकते. झाडामुळे, बाईंमुळे की आधीच्या त्या घुसमटीच्या भीतीमुळे, ते त्यालाच ठाऊक.

पहिल्या वर्षी फुलं आली नाहीत. फांद्या कुंडीच्या कडेवरून खाली लोंबायला लागल्या होत्या, पण डिसेंबरात त्या बारीक झाल्या, जरा सुरकुतल्या, आणि माधवला ते बघवेना. लीलम्मांनी बजावलं होतं, थंडीत पाणी नको, हे झाड थंडीत झोपतं, त्याला कोरडंच राहू दे, तरच पुढे कळ्या धरेल. तो बाल्कनीत जायचा, बोटानं फांदी दाबायचा आणि आत यायचा. शेवटी त्यानं पाणी घातलं. टोकं काळी पडून दोन शेपट्या गळल्या. केंद्रात बाईंना हे सांगताना तो शाळेतल्या पोरासारखा उभा होता, असं तिथला तंत्रज्ञ मला नंतर हसत सांगत होता. बाई म्हणाल्या, "त्याला तहान लागलीय असं तुम्हाला वाटलं. तहान तुम्हाला लागली होती." मग दोघंही हसले म्हणे. त्या खोलीतले सगळेच हसले. तिथे तहान नसलेला माणूस कोण होता?

दुसऱ्या थंडीत त्यानं मन घट्ट केलं. पाण्याचा मग बाल्कनीतून उचलून आत ठेवला. फेब्रुवारी सरताना फांद्यांवर काट्यांच्या मधून लाल ठिपके दिसले, ते फुगत गेले, आणि एका सकाळी गर्द गुलाबी फुलं उमलली, दिवसभर उघडी राहणारी. माधवनं मला हाक मारली नाही. मी चहा घेऊन गेले तर तो खुर्चीवर हात गुडघ्यांत घालून बसला होता. मोबाइलवर फोटो काढून ने म्हटलं, तर तो म्हणाला, "फोटोत काय कळणार तिला?" आणि आख्खी कुंडी मांडीवर घेऊन रिक्षात बसला. मीही गेले. हेब्बाळच्या उड्डाणपुलावर वारा आत शिरत होता, शेपट्या हलत होत्या, काटे त्याच्या स्वेटरला अडकत होते आणि रिक्षावाला आरशातून बघत विचारत होता, "सार, देवाला नेताय का हो?"

माती आत न्यायला बंदी होती, ते बरोबरच होतं. मग मी कुंडी धरून फाटकापाशी बसले आणि डायलिसिस संपल्यावर केंद्रातल्या लोकांनी चाकाच्या खुर्चीतून लीलम्मांना बाहेर आणलं. त्यांनी चष्मा पुसला, कुंडी फिरवायला लावली आणि म्हणाल्या, "एकाच बाजूला फुललंय. भिंतीला चिकटवून टांगलंत ना? फिरवत जा." माधवचा चेहरा पडला. मग त्यांनी एका फुलाला हलकेच बोट लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. मी त्यांना विचारलं, "तुम्ही याला सगळं एकदम का सांगितलं नाहीत? इतक्या खेपा..." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "शाळेत सगळं पुस्तक पहिल्याच दिवशी शिकवतात काय?"

त्याच पावसाळ्यात लीलम्मा गेल्या. आम्ही जालहळ्ळीला त्यांच्या घरी गेलो. सून दारात आली, बाईंचा फोटो हार घालून ठेवला होता, आणि मागच्या ओसरीत जिच्यातून आमची फांदी आली होती ती जुनी कुंडी टांगलेली होती. मूळ झाड. त्याच्या शेपट्या जमिनीपर्यंत पोहोचल्या होत्या आणि सगळ्या पिवळ्या, मऊ, पाणी भरल्यासारख्या झाल्या होत्या. सून म्हणाली, "अत्तेंचं आवडतं झाड म्हणून जो येतो तो पाणी घालतो. आम्हीही घातलं." माधवनं फांद्या वर उचलून बघितल्या. बुंधा कुजला होता, हात लावताच सुटून आला.  पुढच्या आठवड्यात आमच्या झाडाची एक शेपटी कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून तो एकटाच जालहळ्ळीला जाऊन आला. "काय सांगितलंस तिला?" मी विचारलं. "सुकू दे म्हटलं. बाकीचं फोनवर सांगीन."

मग ती त्याची रीतच झाली. केंद्रात कुणी नवीन आलं, भेदरलेलं, तोंड फिरवून झोपलेलं, की माधव आठवडाभरानं पिशवीतून सुरळी काढायचा. एका खेपेला एकच गोष्ट. काहींनी घेतली, काहींनी हसून परत केली, एकीनं तर काटेरी झाड घरात अशुभ म्हणून त्याला सुनावलं. काहींची झाडं जगली. काही माणसं गेली आणि त्यांची झाडं राहिली, त्यांच्या घरून फुलांचे फोटो यायचे. तो ते मला दाखवायचा आणि प्रत्येक वेळी म्हणायचा, "फिरवत नाहीत बघ."

तो गेल्यावर दहाव्या-बाराव्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा समोरच्या फ्लॅटमधली बाई पाण्याचा मग भरून बाल्कनीकडे निघालेली मी पाहिली. मी हातातलं ताट तसंच ठेवून गेले आणि तिचा हात धरला. "नको. थंडीत पाणी नको त्याला." आवाज जरा मोठा झाला असावा. हॉलमधले लोक वळून बघायला लागले. ती म्हणाली, "सरी अक्का, सरी," आणि हातातला मग खाली ठेवला. त्या सगळ्या दिवसांत मी स्वतःहून मोठ्यानं बोललेलं ते एकच वाक्य.

मागच्या आठवड्यात एक फोन आला. विनायक नावाचे गृहस्थ, सोलापूरकडचे, हेब्बाळच्या एका टेक पार्कमध्ये नोकरीला. मला नाव आठवत होतं. मशीनवर मराठी बोलायला माणूस मिळाला म्हणून माधव खूश झाला होता. "मावशी, सरांचं कळलं. मी तेव्हा ॲडमिट होतो, येता आलं नाही. सॉरी." मग म्हणाले, "ॲक्चुअली एक विचारायचं होतं. विचारू का, समजत नाहीये. सरांनी मला ते कटिंग दिलं होतं. मी कोको हस्कमध्ये लावलंय. पाणी कधी घालायचं विचारलं, तर म्हणाले, नेक्स्ट टाइम सांगतो..."

मी बाल्कनीच्या दारापाशी उभी होते. समोर निवडुंग होता, दोन-तीन कळ्या धरलेल्या. मी म्हटलं, "कुंडी उचलून बघा. हलकी लागतेय?"

"हो, एकदम हलकी."

"फांदी जरा हलवा. घट्ट उभी आहे की डुलतेय?"

"घट्ट आहे."

"म्हणजे मुळं धरलीत. आता घाला. खालून वाहून जाईपर्यंत."

"आणि त्यानंतर?"

सगळं मला येत होतं. कितीदा, किती दिवसांनी, ऊन किती, खत कुठलं, कीड लागली तर काय, थंडीत काय. माधव बोलत असायचा आणि मी भाजी चिरत हूं हूं करत असायचे, तेवढ्यात ते सगळं माझ्यात येऊन बसलं होतं. मी म्हटलं, "पुढच्या डायलिसिसहून आलात की फोन करा. मग सांगते." ते बरं म्हणाले. परवा त्यांचा फोन आला होता, मी पुढचं सांगितलं. ते सांगतानाही मला रडू आलं नाही. छातीत काही झालं नाही. फोन ठेवल्यावर मी कुंडी हुकावरून काढली, मोरीत नेऊन भोकांतून वाहेपर्यंत पाणी घातलं, निथळू दिली, पुन्हा टांगली आणि उरलेली बाजू उजेडाकडे फिरवली.

दुपार टळटळीत होती. कुंडी उचलून मला दम लागला, घसा कोरडा पडला. मी स्वयंपाकघरात गेले, दार अर्धं लोटलं, हॉलकडे पाठ केली आणि भांडं भरून घेतलं, धार भांड्याच्या कडेवरून सोडून, म्हणजे आवाज होत नाही. माधवचं पाणी बंद झालं त्या दिवसापासून मी पाणी असंच प्यायले आहे. त्याच्यासमोर कधीच नाही. याविषयी आम्ही कधी बोललो नाही. फक्त मी आत जायला उठले की तो हॉलमध्ये टीव्हीचा आवाज वाढवायचा. कितीतरी दिवस मला वाटायचं, त्याला ऐकायला कमी येऊ लागलंय... परवा टीव्ही बंदच होता. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी उभ्याउभ्या, घोट वाजू न देता, सगळं पाणी प्यायले, आणि भांडं ओट्यावर अलगद ठेवलं.